मागची खोली

“वर्षाराणी, ऊठ. मागं जा. फाटकी पोती शिवायचीत.”

खातूनबीचा आवाज हॉलभर घुमला. वर्षाराणीनं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि कुणाकडं न बघता मागच्या दारानं निघून गेली. बाकीच्या बायकांनी मान वर केली नाही. डाळीतले खडे वेचणारी बोटं तशीच चालू राहिली.

ऋतुजानं मात्र पाहिलं. उदगीरच्या या डाळ मिलमध्ये तिला येऊन आठच दिवस झाले होते आणि आठही दिवस तिनं हेच पाहिलं होतं. दुपारची जेवणं उरकली की खातूनबी एकेकीला मागं धाडायची. एक परत आली की दुसरी.

परत येणारी बाई वेगळीच दिसायची. डोळे लाल, केस विस्कटलेले, साडीच्या निऱ्या चुरगळलेल्या, तोंडावर पाणी मारलेलं. ती गुपचूप जागेवर बसायची आणि सूप ओढून घ्यायची. तिला कुणी काही विचारायचं नाही.

“मागं काय असतंय ओ?” ऋतुजानं शेजारच्या उमाबाईला हळूच विचारलं.

“पोती असतेत.” उमाबाईनं डोळ्यानंच भिंतीवरचा कॅमेरा दाखवला. “गप काम कर. आप्पा बघून राहिलेत.”

आप्पा म्हणजे मिलचे मालक महादेवप्पा. केबिनमधल्या पडद्यावर ते सगळा हॉल बघत बसायचे. कुणाचा हात थांबला की खातूनबीचा फोन वाजायचा. मग खातूनबी अशी खेकसायची की समोरचीचे हात लगेच चालू व्हावेत. बावीस वर्षं ती या बायकांवर मुकादम होती आणि आप्पांचा तिच्यावर फार भरवसा होता.

हमालांना दुपारी चहाची सुट्टी होती. बायकांना नव्हती. वर्षाराणीनं एकदा त्याबद्दल विचारलं होतं म्हणे. “तुमी तर बसूनच काम करताव,” आप्पा म्हणाले होते, “बसून कुणी दमतंय का?” सकाळी आठपासून मांडी घालून वाकून बसलेल्या बायकांना संध्याकाळी उठताना भिंत धरावी लागायची. डाळीच्या पाकिटावर मात्र सूप घेतलेल्या हसऱ्या बाईचं चित्र होतं.

ऋतुजाला चौथा महिना लागला होता. हे तिनं मिलमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी दोघींना दिवस गेल्याचं कळल्याबरोबर आप्पांनी त्यांना घरी बसवलं होतं. ऋतुजाला घरी बसून चालणार नव्हतं. तिचा नवरा दयानंद पाय मोडून अंथरुणावर होता.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर उठताना तिला भोवळ आली. तिनं भिंत धरली. डोळे उघडले तर समोर खातूनबी उभी. तिची नजर ऋतुजाच्या चेहऱ्यावरून पोटावर गेली आणि तिथंच थांबली.

“कितवा हाय?”

“काय, चाची?”

“काय न्हाई.” खातूनबी वळली. जाता जाता म्हणाली, “उद्या दुपारी तू जायचं मागं.”

ऋतुजा तशीच घरी गेली. घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी तिच्या गावाहून, देवणीहून निघालेल्या बसमध्ये दोनदा तिच्या मनात आलं, मधेच उतरावं आणि परत जावं. पण ती उतरली नाही.

मिलच्या फाटकात वर्षाराणी भेटली. ऋतुजानं तिचा हात धरला. “ताई, मागच्या खोलीत कॅमेरा हाय का?”

“न्हाई. तिथं न्हाई.” वर्षाराणीनं जवळ उभ्या वॉचमनकडं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “पहिल्या दिशी भ्या वाटतंय. मग सवय हुती.” एवढं बोलून ती भराभर पुढं निघून गेली.

सकाळभर ऋतुजाला डाळीतला खडा दिसत नव्हता. जेवणाचा डबा तिनं तसाच बांधून ठेवला.

“ऋतुजा, ऊठ. मागं जा. पोती शिवायचीत.”

ती उठली नाही. “चाची, मला नका धाडू. मी इथंच बसून जास्तीचं काम करते. पाया पडते तुमच्या.”

हॉलमधली बोटं थांबली. खातूनबीचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला, “हाव आप्पा, नवी हाय, नाटकं करून राहिली,” म्हणाली, आणि ऋतुजाचा दंड धरून तिला उठवलंच.

मागचा बोळ अंधारा होता. शेजारी डाळीला पॉलिश करायची मशीन धडधडत होती. इथं ओरडलं तर कुणाला ऐकू जाणार, ऋतुजाच्या मनात आलं. तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. “मला दिवस गेलेत, चाची,” ती रडत म्हणाली. “सोडा मला.”

खातूनबीनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं खोलीचं दार उघडलं, ऋतुजाला आत ढकललं आणि मशीनच्या धडधडीवरून हॉलपर्यंत जाईल असा आवाज काढला. “धा पोती शिवल्याबिगर भाईर यायचं न्हाई!”

बाहेरून कडी लागली.

ऋतुजा भिंतीला चिकटून उभी राहिली. आत कोण आहे, कुठून येईल, ती कान देऊन ऐकत होती. कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. हळूहळू डोळ्यांना अंधार सरावला. खोलीत कुणीच नव्हतं. कोपऱ्यात पोत्यांची थप्पी होती, आणि खाली जमिनीवर धुतलेली गोधडी अंथरून ठेवली होती. उशाशी पाण्याचा तांब्या, वाटीत गूळ-शेंगदाणे.

दाराच्या फटीतून खातूनबीचा आवाज आला, इतका हळू की तो तिचाच आहे हे ऋतुजाला आधी पटेना.

“पोती म्या पहाटंच येऊन शिवलीत गं. डाव्या कुशीवर निज. अर्ध्या घंट्यानं उठवते.”