नवीन येणाऱ्याची खुर्ची

लेकीचा त्या रिकाम्या खुर्चीवर जुना दात होता. चर्चमधला तरुण संघ पप्पा चालवत. प्रार्थनेच्या बैठकीत स्वतःशेजारची खुर्ची ते नवीन येणाऱ्यासाठी राखून ठेवत. कोणी आलं की, "बाळा, कसा आहेस?" असं विचारून तासभर ऐकत बसत. तिच्या वाट्याला फक्त "जेवलीस ना?", तेही फोन कानाला लावून! आज खुर्च्या लावून झाल्यावर तिने सरळ त्याच खुर्चीत ठाण मांडलं. पप्पा म्हणाले, "अगं ऊठ, ती नव्या माणसाची." "मग मला नवीन समजा आणि विचारा." सगळे हसले. पप्पा ओशाळून तिच्याकडे वळले, तेवढ्यात दारात अनोळखी मुलगा घुटमळला. तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. पण पप्पांनी तिला उठवलंच नाही. स्वतःची खुर्ची त्याला दिली, त्याच्यापुढे जमिनीवर मांडी घातली आणि मायेने विचारलं, "बाळा, कसा आहेस?"