पिंपळावरचा भाडेकरू

सोसायटीचं बेसमेंट गळण्याचं कारण अखेर सापडलं. कंपाउंडजवळच्या पिंपळाची मुळं भिंत फोडून आत शिरली होती.

"हा तोडल्याशिवाय गळती थांबायची नाही," वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, "पण मी हात लावणार नाही. पिंपळावर मुंजा राहतो."

"सगळं थोतांड आहे!" सेक्रेटरी आगाशे कडाडले. वॉटरप्रूफिंगवाल्याने कुऱ्हाड त्यांच्यापुढे धरली. आगाशेंची कंबर लगेच दुखायला लागली.

पिंपळाला रोज पाणी घालणाऱ्या मंदाकिनीकाकूंनी प्रदक्षिणा पुरी केली, तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि कुऱ्हाड हातात घेतली.

"अहो काकू, मुंजाची भीती नाही वाटत?" आगाशेंनी लांबूनच विचारलं.

"भीती कसली?" काकू हळू आवाजात म्हणाल्या. "अकरा वर्षं रोज पाणी घातलंय त्याला. आज पहिल्यांदाच सांगतेय, दुसरी जागा बघ म्हणून."