चारचा थेंब

“मग गेले अठरा दिवस तुम्ही जाताय तरी कोणाकडे?” मिशनच्या ऑफिसातून साहेबांनी फोनवर विचारलं, तेव्हा निवृत्त पोस्टमास्तर नेमके त्याच माणसाच्या दाराशी, तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत उभे होते. शेजारी त्यांची बायको, हातात पिशवी.

मिशननं भेटीसाठी दिलेल्या यादीतला विधुर अकरा नंबरच्या इमारतीत राहत होता. ही बारा. इमारती जुळ्या, जिने जुळे, दारांचा रंगसुद्धा एकाच डब्यातला. अकरातला माणूस रोज चारला दार उघडं टाकून बसत होता आणि आज त्यानं वैतागून ऑफिसला फोन लावला होता.

“खात्री करून कळवतो,” पोस्टमास्तर म्हणाले आणि फोन खिशात घातला. मग काढला. परत घातला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अर्धवट पत्त्याची पत्रंसुद्धा पोचती केली होती. आणि म्हातारपणी देवाच्या कामाला आल्यावर, पूर्ण पत्ता हातात असताना, डिलिव्हरी शेजारी! ते दोन पायऱ्या खाली उतरले, दोन वर चढले.

“अहो, एका जागी उभे राहा बघू. मला गरगरतंय.”

“साहेब काय म्हणाले ते ऐकलंस का?”

“ऐकलं. मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. इथं राहतात त्यांचं लग्नच झालेलं नाही. विधुर कुठून असणार?”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही पत्ता दुरुस्त केला असता.”

पोस्टमास्तर पुन्हा दोन पायऱ्या उतरले आणि चढले. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. दोघं सेवेला येऊन पाच महिने झाले होते. बाकीच्या दारांनी त्यांना ‘नको’ एवढंच ऐकवलं होतं, तेही फटीतून. हे एकच दार सताड उघडलं होतं. शनिवारच्या अहवालात ‘या आठवड्याचे आशीर्वाद’ असा एक रकाना असे. बायको त्यासाठी ‘जिन्यातला दिवा लागला’, ‘भाजीवाल्यानं गुडघ्याची चौकशी केली’ असलं काहीबाही सुचवायची. पोस्टमास्तर ते लिहीत नसत. त्यांनी लिहिलं होतं : ‘वृद्ध गृहस्थ डोळे मिटून वचन ऐकतात. गालांवरून अश्रू ओघळतात.’ साहेबांनी ते मिशनच्या पत्रकात चौकटीत छापलं होतं.

दार उघडलं. म्हातारा शिंपी औषधाची बाटली हातात घेऊनच उभा होता.

“चार मिनिटं उशीर,” तो म्हणाला. “दवाखान्याच्या माणसांनी असं केलं तर कसं चालायचं?”

“दवाखान्याच्या?”

“मग? मोतीबिंदू काढला तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, चारच्या थेंबाला माणूस पाठवा. सकाळचा आणि रात्रीचा थेंब शेजारीण घालते. चारला ती कामावर. माझ्या हातानं घातला की मिशीत जातो. दुसऱ्याच दिवशी चारला तुम्ही दोघं हजर! म्हटलं, दवाखाना फुकटचा, पण सोय चोख.”

पोस्टमास्तर शिलाई मशीनजवळच्या खुर्चीत बसले आणि लगेच उठले. कुणाच्या डोळ्यात औषध घालताना त्यांना बघवत नसे. म्हणून ते रोज खिडकीकडे तोंड करून वचनाच्या पुस्तकातलं आपलं पान शोधत. वळून वाचायला लागत तोवर अश्रू तयार असत.

“आणि मी वाचतो ते?” त्यांनी विचारलं.

“थेंबानंतर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. पेशंट मधेच उठू नये म्हणून तुम्हाला बसवलं असेल, असं मी समजलो. वाचता बरं.”

“आम्ही दवाखान्याचे नाही. मिशनचे. तुमच्याकडे चुकून आलो. आम्हाला पलीकडच्या इमारतीत जायचं होतं.”

शिंप्याचा बाटलीचा हात खाली आला. “म्हणजे वाचन तुमचं?”

“हो.”

“आणि थेंब?”

“तो माझा,” बायको म्हणाली.

शिंप्यानं बाटली उजेडात धरून पाहिली. “अजून बावीस दिवस घालायचाय,” तो म्हणाला. कोणाला म्हणाला, ते कळलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पोस्टमास्तर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा जाऊन आले, मग त्यांनी तो उचलला.

“खात्री केली, साहेब. चूक माझीच. आणि पत्रकात छापलेत ना, ते अश्रू औषधाचे होते.”

पलीकडे पत्रक उलगडल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “निदान तो माणूस आपल्यात येण्यासारखा आहे का?”

पोस्टमास्तरांनी फोनवर हात ठेवला. “काय हो, आमच्यात येणार का?”

“कुठे?” शिंपी म्हणाला. “जिना उतरायला बंदी आहे मला.”

“नाही म्हणतात, साहेब.”

“मग उद्यापासून अकरा नंबर. चारच्या ठोक्याला.”

“साडेचारला. आजही साडेचारच होतील, अकरा नंबरच्यांना तेवढं कळवा.”

“साडेचार का? चारला काय झालं?”

शिंप्यानं खुर्चीत मान मागे टाकली होती. बायकोनं अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून धरली होती. बाटली उलटी, थेंब टोकाशी आलेला. आणि ती बघत मात्र होती नवऱ्याकडे.

“चारला आम्ही कामात असतो, साहेब,” पोस्टमास्तर म्हणाले.

“हळू बोला हो,” शिंपी डोळा ताणून म्हणाला. “थेंब चुकेल.”