मशीन बिघडलंय

"मशीनच खोटं आहे," म्हणत यांनी दंडावरचा पट्टा ओरबाडून काढला. बीपी एकशे सत्तर. बरं वाटतंय म्हणून परस्पर गोळ्या बंद करणारे हेच, जेवताना पापडावर पापड मोडणारेही हेच. पण बिघडलं ते मशीन!

उद्या डॉक्टरांना वहीत चांगला आकडा दाखवायचा होता. "तुझा हात दे. तुला काय धाड भरलीय?" बरोबरच आहे. आमच्या घरात आजारी पडायचा मान यांचाच. माझ्या दंडाला आजवर कुणी पट्टा लावला नव्हता.

पट्टा फुगला, फुस्स झाला. एकशे अठ्ठ्याण्णव.

"मशीन खोटंच असेल हो," मी म्हणाले.

हे वही बाजूला ठेवून उठले. मग पुटपुटले, "उद्या दोघं जाऊ."

बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला कुठंतरी सोबत न्यायचं यांना सुचलं.