पहिली जागा

धुळ्याच्या बसस्टँडासमोर ललितचं मोबाईलचं दुकान. धुरपदाबाईंचं जुनं सीमकार्ड नव्या फोनला चालेना, म्हणून त्याने नवं सीम घातलं आणि जुन्यावरचे नंबर त्यावर भरायला घेतले. होते फक्त सात.

“अक्का, नावं वाचता येतात ना?”

“नही रे भाऊ, फक्त आकडा येतस. मालकनी शिकाडं. तीन दाबानं, मंग ही जाळी दाबानी, का मनी पोर नूतन येस.” त्यांनी # च्या बटणावर बोट ठेवलं.

ललितने जुन्या फोनवर करून पाहिलं. खरंच तिसऱ्या जागेवरची नूतन समोर आली! बारा वर्षं या धंद्यात असून सीमकार्डाची ही सोय त्याला ठाऊक नव्हती. मग सगळे नंबर त्याच क्रमाने भरायला हवेत. पहिलं नाव होतं रतिलाल.

“हाऊ मालकना. दोन वरीस झायात त्यासले जाईसन. नंबर बंद शे.”

“मग सोडून देऊ?”

“नको रे बा! त्यासले काढं ते बठ्ठा एकेक जागा वर सरकतीन. मना हात चुकी जाई.”

मुद्दा बिनतोड होता. ललितने रतिलालांना पहिल्या जागेवर बसवलं, बाकीचे मागोमाग भरले आणि फोन अक्कांच्या हाती दिला. “लावून पाहा एखादा.”

त्यांनी एक दाबलं, जाळी दाबली, मग हिरवं बटण. ‘हा नंबर अस्तित्वात नाही,’ असं पलीकडची बाई दोनदा म्हणेपर्यंत त्यांनी फोन कानाशी धरून ठेवला.

मग समाधानाने म्हणाल्या, “बराबर लागना.”