पाच वर्षांची ओळख

"याला पाच वर्षांपासून ओळखता?" न्यायाधीशांनी मान वर न करताच विचारलं.

"ओळखतो," बायबलवर हात ठेवून वकील कॉर्मक डिलन म्हणाला. सकाळपासूनचा हा चाळिसावा. निवडणुकीला आठवडा उरला होता. बोटीने न्यूयॉर्कला आलेल्या आयरिश माणसाला मत द्यायचं तर आधी नागरिक व्हावं लागे, आणि त्यासाठी ओळख सांगणारा साक्षीदार लागे. पक्ष माणसं रांगेत उभी करी आणि डिलन डोळे झाकून शपथ घेई. त्याचंच बक्षीस म्हणून यंदा त्याला उमेदवारी मिळाली होती.

पुढचा माणूस मात्र स्वतःहून रांगेत शिरलेला. टिम रूनी! वीस वर्षांपूर्वी बोटीच्या तळात डिलन तापाने फणफणला, तेव्हा आपल्या वाटणीचं पाणी त्याला पाजणारा टिम.

पक्षाचा पुढारी डिलनच्या कानाशी लागला. "हा गोदीत आपल्याविरुद्ध बोंबलत फिरतो. ओळखत नाही म्हण, नाहीतर उमेदवारी गेली समज."

डिलनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टिम काहीच मागत नव्हता, नुसता टोपी चुरगाळत उभा होता.

"अहो, ओळखता की नाही?" न्यायाधीश खेकसले.

"ओळखतो!" डिलनने बायबलवर अशी थाप मारली की सगळं कोर्ट दचकलं. "आणि हेही लिहून घ्या, साहेब. आधीच्या चाळिसांपैकी एकालाही मी ओळखत नाही."