संध्याकाळची गोळी

"संध्याकाळची गोळी चुकत असेल तरच बदलू," डॉक्टर म्हणाले. "सगळं सुरळीत चाललंय, तर उगाच कशाला हात लावायचा?"

ठकीच्या पोटात बसवलेलं यकृत अंगानं परकं म्हणून झिडकारू नये, यासाठी तिला जन्मभर औषध घ्यायचं होतं. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. आता तेच औषध दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीत मिळत होतं, फक्त सकाळी. पोरं संध्याकाळची गोळी हटकून विसरतात, त्यांच्यासाठी ती बरी, असं डॉक्टरांचं म्हणणं.

ठकी खुर्चीच्या अगदी टोकावर आली होती. संध्याकाळ मोकळी झाली, तर तिला मैत्रिणींबरोबर पोहायला जाता येणार होतं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"संध्याकाळची कोण देतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्या," ठकीच्या आईनं शेजारी बसलेल्या नणंदेकडे हात केला. "आम्ही दोघं दुकानात असतो ना. शाळा सुटली की ही आत्याकडेच. आणि आमच्या वन्सं म्हणजे घड्याळ हो! चुकायचं नावच नाही."

खरं होतं ते. एकदासुद्धा चुकली नव्हती. स्वतःच्या यकृताचा तुकडा कापून दिलेली बाई, ती गोळी विसरेल होय? आणि विसरायला आत्याला संध्याकाळी दुसरं होतं तरी काय? एकटा जीव. दार वाजायचं, दप्तर सोफ्यावर आपटायचं, "भूक लागली" म्हणून ओरडा व्हायचा, आणि गोळी घेतलीस, आता तासभर थांब म्हटलं की भांडण. त्या भांडणावर तिचा दिवस निघायचा. तो टिकवायला आत्याला नुसतं "चुकत नाही" म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं.

"मग राहू दे जुनीच," डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

ठकी हळूच मागे सरकून बसली. हट्ट केला असता, तर आत्यानं चांगलं दटावलं असतं. पण कार्टी गप्प बसली.

"चुकते," आत्या म्हणाली.

"काय?"

"चुकते अधूनमधून. विसरते मी. वय झालं आता."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा चाळला. "रक्तात तर औषध बरोबर दिसतंय."

"नशीब आमचं."

ठकीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आत्यानं टेबलाखाली तिचा हात असा दाबला, की ते तसंच मिटलं. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली. आज संध्याकाळी जुनी शेवटची, उद्या सकाळपासून नवी, मग पुन्हा रक्ततपासणी. आई कोणाकडे न बघता चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीकडे गेली.

व्हरांड्यात दोघीच उरल्या.

"तू कधी विसरलीस गं?" ठकीनं विचारलं.

"गप. पोहायचंय ना?"

ठकीनं थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली.

"मग झालं तर."

आई परत आली ती डोळे लाल करूनच. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत, वन्सं. पण अहो, पोरीच्या जिवाशी खेळ? एका शब्दानं सांगायचं तरी! आम्ही आपले डोळे झाकून बसलो." आत्यानं ऐकून घेतलं. बोलणारच ती, आई होती. निदान आजची संध्याकाळ आपली, एवढं आत्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

"आजची मीच देईन," आई म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

पर्सची चेन उघडायला आत्याला जरा वेळच लागला. तिनं गोळ्यांची पट्टी आईच्या हातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही.

"रिकाम्या पोटी द्यायची हं. आणि नंतर तासभर तिला..."

"माहीत आहे," आई म्हणाली. "मी नाही विसरायची."